गोळी घरी आली, आता सांभाळायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा: "वडील ६१ वर्षांचे. यकृताच्या आतल्या पित्तनलिकेचा कॅन्सर, दोन्हीकडे पसरलेला, ऑपरेशन होण्यासारखा नाही. जेमसिटाबिन, सिसप्लॅटिन आणि ड्युर्व्हालुमॅब सात महिने चाललं, मग स्कॅनमध्ये गाठी वाढल्या. एनजीएस रिपोर्टमध्ये (गाठीच्या जनुकांच्या तपासणीत) एफजीएफआर२ फ्यूजन आलंय आणि डॉक्टरांनी पेमिगॅटिनिब सुरू करायला सांगितलंय. पित्तनलिकेत स्टेंट आहे. गोळी घरीच घ्यायची आहे. ती सुरक्षित कशी घ्यायची, लक्ष कशावर ठेवायचं? आणि बाबांना द्राक्षबागेत जायचंय, जाऊ देऊ का?"

मी गेली बरीच वर्षं पित्तनलिका आणि पित्ताशयाच्या कॅन्सरचे रुग्ण बघतो. सलाईनमधून केमो चालू असते तेव्हा माणूस पाच-सहा तास आमच्या डोळ्यांसमोर असतो, नर्स नाडी बघते, काही बिनसलं तर तिथल्या तिथे कळतं. गोळीचं तसं नाही. ती सुरू झाली की वडील महिन्यातले सत्तावीस-अठ्ठावीस दिवस तुमच्या घरात असणार, आणि काही बिनसलं तर आधी दिसणार ते तुम्हाला. "नुसती गोळी तर आहे" म्हणून घरचे निर्धास्त होतात, ते मला बिलकूल नको असतं. म्हणून उत्तर लांबलं तरी सगळं लिहितो.

आधी ताप. हा गोळीचा विषय नाही, तरीही पहिला तोच, कारण माझ्या अनुभवात टार्गेटेड औषध (गाठीतल्या ठरावीक जनुकबदलावर चालणारं) घेणारे पित्तनलिकेचे रुग्ण अचानक गमावले गेले ते बहुतेक वेळा औषधामुळे नाही, तर तुंबलेल्या स्टेंटमुळे. स्टेंट ही पित्त वाहून नेणारी नळी. प्लॅस्टिकची असेल तर साधारण तीन महिन्यांत गाळ साचून बंद होऊ शकते. धातूची जास्त टिकते, पण तिच्यातही गाठ आत वाढू शकते. पित्त तुंबलं की त्यात जंतू वाढतात आणि तिथून ते थेट रक्तात जातात. सकाळी थंडी वाजून ताप आलेला माणूस संध्याकाळी रक्तदाब खाली जाऊन आयसीयूत गेलेला मी पाहिला आहे.

एक रुग्ण आठवतात, तुमच्या वडिलांच्याच वयाचे. गोळी सुरू होऊन पाच आठवडे झाले होते, स्कॅन अजून व्हायचा होता. त्यांना हुडहुडी भरून ताप आला. घरच्यांना वाटलं, औषधाची उष्णता असेल. गावातल्या दवाखान्यात सलाईन लावलं, पॅरासिटामॉल दिलं, ताप उतरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, पुन्हा उतरवला. आमच्याकडे आले तेव्हा डोळे पिवळे झालेले आणि बोलण्यात सुसंगती नाही. स्टेंट बदलला, अँटिबायोटिक दिली, बारा दिवसांनी ते घरी गेले. ते वाचले म्हणून मी हे शांतपणे सांगू शकतो. त्या दोन दिवसांत कुणी खोटं वागलं नव्हतं. सगळ्यांनी तापाचं खापर नव्या औषधावर फोडलं, इतकंच झालं.

तेव्हा घरात एक नियम करा. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, किंवा ताप नसतानाही अंग थडथड उडालं, तर "बघू सकाळपर्यंत" म्हणायचं नाही. त्याच तासाला डॉक्टरांना फोन आणि हॉस्पिटलकडे. लघवी गर्द पिवळी, शौच पांढुरकं मातीसारखं, अंगाला खाज, डोळे पिवळे, यांतलं काहीही दिसलं तरी तेच. स्टेंट कधी बसवला, प्लॅस्टिकचा की धातूचा, कुठे बसवला, हे एका कागदावर लिहून बाबांच्या खिशात ठेवा. रात्री दोन वाजता इमर्जन्सीतल्या डॉक्टरला जाड फाइलपेक्षा तो कागद जास्त उपयोगी पडतो. आणि रात्री एंडोस्कोपी करून स्टेंट बदलू शकेल असं जवळचं हॉस्पिटल कोणतं, हे आजच विचारून ठेवा. स्टेंटची एंडोस्कोपी प्रत्येक ठिकाणी होत नाही.

आता रिपोर्ट. एफजीएफआर२ म्हणजे पेशीत वाढीचा संदेश आत घेणारं दार. फ्यूजन किंवा रीअरेंजमेंटमध्ये त्याचं जनुक तुटून दुसऱ्या जनुकाला जोडलं जातं आणि दार सतत उघडं राहतं. पेमिगॅटिनिब ते बंद करतं. "एफजीएफआर२ आलंय" एवढ्यावर थांबू नका, पुढचा शब्द वाचा. फ्यूजन किंवा रीअरेंजमेंट लिहिलं असेल तरच ही गोळी तुमच्यासाठी. या औषधाचा मुख्य अभ्यास फाइट-२०२. त्यात फ्यूजन किंवा रीअरेंजमेंट असलेले १०७ रुग्ण होते. त्यांतल्या ३५.५ टक्के रुग्णांच्या गाठी ठळकपणे आकसल्या आणि एकूण ८२ टक्के रुग्णांचा आजार काही काळ तरी आटोक्यात राहिला. त्याच अभ्यासात या जनुकसमूहातले दुसरे बदल असलेले २० रुग्णही होते. त्यांच्यापैकी एकाचीही गाठ तशी आकसली नाही. म्हणजे बदल त्याच घराण्यातला, पण जात वेगळी, आणि औषध निरुपयोगी. चुकीच्या माणसाला दिलेली गोळी त्याला त्रास तेवढा देते आणि हातातले महिने घालवते, म्हणून मी रिपोर्टची ही ओळ सुरक्षिततेतच धरतो. तुमच्या प्रश्नात फ्यूजन असं स्पष्ट आहे, तरी मूळ कागदावर स्वतः बघून घ्या.

यकृताच्या आतल्या पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये साधारण १० ते १५ टक्के लोकांत हे फ्यूजन सापडतं. पित्ताशयाच्या किंवा खालच्या पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये ते क्वचितच असतं. हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट: तपासणी केवळ डीएनएवर झाली असेल आणि काही सापडलं नसेल, तर आरएनएवरची तपासणी झाली का ते विचारा. काही फ्यूजन डीएनएच्या चाचणीतून निसटतात. ब्रशने खरवडून काढलेल्या पेशींत बऱ्याचदा पुरेसा माल मिळत नाही. बायोप्सीचा मेणातला ब्लॉक हा रुग्णाचा असतो, तो मागून घेता येतो.

अपेक्षा किती ठेवायची, हेही आत्ताच बोलू. फाइट-२०२मध्ये आजार पुन्हा वाढेपर्यंतच्या काळाचा मधला आकडा (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६.९ महिने होता. कुणाला तीन महिने मिळाले, कुणाला दीड वर्षाच्या वर. ही गोळी आजार मुळापासून काढत नाही. पण केमो हरल्यावर या आजारात दुसऱ्या केमोचा हात किती तोकडा पडतो हे मी रोज बघतो, आणि म्हणून एप्रिल २०२०मध्ये अमेरिकेच्या एफडीएने पेमिगॅटिनिबला मान्यता दिली तेव्हा आम्हाला झालेला आनंद मला अजून आठवतो. पित्तनलिकेच्या कॅन्सरसाठी मान्य झालेलं ते पहिलं टार्गेटेड औषध.

सुरू करण्याआधी चार गोष्टी झाल्या पाहिजेत. बिलिरुबिन उतरलेलं हवं. कावीळ चढती असेल तर आधी पित्ताची वाट मोकळी करायची, गोळी नंतर. रक्तात क्रिएटिनिन, कॅल्शियम, यकृताच्या चाचण्या आणि सीरम फॉस्फरस बघून ठेवायचे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडद्याची ओसीटी तपासणी (पडद्याचे थर दाखवणारा स्कॅन) करून घ्यायची. आणि घरात चालू असलेल्या प्रत्येक औषधाची यादी, काढे आणि चूर्णांसकट.

घेण्याची पद्धत सोपी आहे. १३.५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, रोज एकाच वेळी, जेवणाआधी किंवा नंतर कसंही. १४ दिवस घ्यायची, ७ दिवस सुट्टी, पुन्हा १४. घोळ होतो तो या सुट्टीत. सात दिवसांची सुट्टी कधी दहा दिवसांची होते, कधी कुणी सुट्टीतही गोळी देत राहतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोळीच्या दिवसांना लाल आणि सुट्टीच्या दिवसांना हिरवा ठिपका द्या, आणि रोज घेतल्यावर खूण करायचं काम एकाच व्यक्तीकडे ठेवा. वेळ चुकली आणि चार तासांपेक्षा जास्त उशीर झाला तर त्या दिवशीची सोडून द्या. उलटी झाली तरी दुसरी देऊ नका. गोळी फोडायची, कुटायची, पाण्यात विरघळवायची नाही. गर्भाला इजा करणारं औषध आहे, तेव्हा घरात कुणी गरोदर असेल तर फुटलेली गोळी तिने हाताळू नये.

आता फॉस्फरस. या औषधाचा खरा स्वभाव इथे दिसतो. आपली हाडं एक संदेश तयार करतात, एफजीएफ२३ नावाचा. तो मूत्रपिंडाला सांगतो, जास्तीचा फॉस्फरस बाहेर टाक. हा संदेश ज्या दारातून आत जातो, ते दार कॅन्सरच्या पेशीतल्या दाराचं सख्खं भावंड आहे. गोळी दोन्ही दारं बंद करते. म्हणून रक्तातला फॉस्फरस चढतो. फाइट-२०२मध्ये ६० टक्के रुग्णांत हा त्रास नोंदवला गेला, आणि तो लवकर येतो, बहुतेक वेळा पहिल्या आठ-दहा दिवसांतच. त्यामुळे पहिली रक्ततपासणी महिन्याभराने करून चालत नाही. मी पहिल्या चक्रात आठव्या आणि पंधराव्या दिवशी सांगतो.

मोठ्या माणसात फॉस्फरस साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतो. तो ५.५च्या वर गेला की आहारात बदल. ७च्या वर गेला की फॉस्फरस बांधणारी गोळी सुरू करून दर आठवड्याला तपासणी, आणि दोन आठवड्यांत ७च्या खाली आला नाही तर पेमिगॅटिनिब थांबवायची. खाली आला की पहिल्या वेळी त्याच डोसवर, पुन्हा तसंच झालं तर कमी डोसवर सुरू करायची. १०च्या वर असेल तर एवढी वाट बघत नाहीत. डोस १३.५वरून ९ आणि गरज पडली तर ४.५ असा उतरवता येतो. उतरवला म्हणजे औषध वाया गेलं असं समजू नका, कमी डोसवर उत्तम चाललेले रुग्ण माझ्याकडे आहेत. थोडा वाढलेला फॉस्फरस हा औषध शरीरात काम करत असल्याचाही पुरावा असतो. ५.८ बघून घाबरून गोळी बंद करणारे घरचे मला भेटतात, तसं करू नका. आणि नमुना घेताना रक्तातल्या पेशी फुटल्या असतील तरी आकडा खोटा चढतो. रिपोर्टवर तसा शेरा असेल तर पुन्हा तपासा.

आहाराबद्दल इंटरनेटवर किडनीच्या रुग्णांचे तक्ते मिळतात, ते जसेच्या तसे उचलू नका. तुमच्या वडिलांचं वजन आधीच उतरलेलं असणार, आणि डाळ, दूध, अंडी सगळं बंद केलं तर कॅन्सरआधी भूक त्यांना खंगवेल. सगळा फॉस्फरस सारखा नसतो. मटकी, चवळी, डाळी, शेंगदाणे, तीळ यांतला बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात असतो आणि तो आपल्या आतड्याला पूर्ण घेता येत नाही. पाकिटबंद पदार्थांत मिसळलेला फॉस्फेट मात्र जवळपास पूर्ण शोषला जातो. म्हणून पहिल्यांदा काय बंद करायचं? काळी कोल्ड्रिंक्स, प्रोसेस्ड चीज, सॉसेज, तयार पाकिटातले खारवलेले पदार्थ. मग सुकट, सुके बोंबील, कलेजी, खवा, पेढे. भाजीत मूठमूठ दाण्याचं कूट घालायची सवय असेल तर ते चमच्यावर आणा. वरण-भात, एखादं अंडं, वाटीभर ताक यांना मी हात लावत नाही. नातेवाईक प्रेमाने प्रोटीन पावडरचे डबे आणतात, त्यावरचा मजकूर आहारतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय उघडू नका, बऱ्याच डब्यांत फॉस्फेट असतं. व्हिटॅमिन डीची साठ हजार युनिटची कॅप्सूल आठवड्याला घ्यायची आपल्याकडे सवयच झाली आहे. तीही विचारल्याशिवाय नको, कारण ती फॉस्फरसचं शोषण वाढवते. बद्धकोष्ठ झालं तर फॉस्फेटचा एनिमा घेऊ नका.

फॉस्फरस बांधणारी गोळी, मग ती सेव्हेलामर असो की लँथॅनम, जेवतानाच घ्यायची. रिकाम्या पोटी घेतली तर ती बांधणार काय? आणि गोळीच्या सुट्टीच्या आठवड्यात ती चालू ठेवायची का, हे डॉक्टरांना नेमकं विचारा. सुट्टीत फॉस्फरस आपोआप उतरतो, वर बांधणारं औषध चालूच राहिलं तर तो फार खाली जातो आणि माणूस गळून जातो. हा अशक्तपणाही मग कॅन्सरच्या नावावर जमा होतो.

क्रिएटिनिनबद्दल एक छोटी गोष्ट. पहिल्या आठवड्यात ते ०.२च्या आसपास वाढतं आणि सुट्टीत उतरतं. मूत्रपिंड बिघडल्याशिवायही हे होतं, औषध क्रिएटिनिनची लघवीतली वाट अडवतं. त्यापेक्षा जास्त वाढलं तर मात्र कारण शोधायचं.

डोळे. गोळीमुळे पडद्याखाली पाणी साचू शकतं. हे थोड्याच रुग्णांना होतं, पण सुरुवातीला काहींना काहीच जाणवत नाही. म्हणून ओसीटी आधी एकदा, मग पहिले सहा महिने दर दोन महिन्यांनी, त्यानंतर दर तीन महिन्यांनी. मधेच धूसर दिसायला लागलं, डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगू लागले, काजवे चमकले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी गोळी थांबवून फोन करा. वेळेत थांबवलं तर बहुतेकांची दृष्टी पूर्ववत होते. डोळे कोरडे पडणं त्याहून कितीतरी जास्त लोकांना होतं. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले अश्रूंचे थेंब पहिल्या दिवसापासून घाला, त्रास सुरू व्हायची वाट बघू नका. काहींच्या पापण्यांचे केस लांब होऊन आत वळतात आणि बुबुळाला टोचतात. डोळा सारखा लाल होत असेल तर हे बघायला सांगा.

नखं आणि तोंड यांचा त्रास जिवावर बेतत नाही, पण रुग्ण औषध सोडतात ते यामुळेच. नख सुटून वर येतं, कडेला नखुरडं होतं, दोन-तीन महिन्यांनी हा त्रास वाढतो. नखं सरळ कापायची, कडेला कोरायची नाहीत. पाण्यात काम करताना रबरी हातमोजे, आत सुती. पायात मोकळी चप्पल-बूट. तळहात-तळपाय सोलवटत असतील तर युरियाचं मलम दिवसातून दोनदा. तोंड कोरडं पडतं, चव जाते, फोड येतात. मिठाच्या कोमट पाण्याने दिवसातून चार-पाचदा चुळा, आणि तिखटाचा हात आवरता घ्या. चव गेल्यावर मराठी घरात पहिला उपाय म्हणून लोणचं येतं, आणि फोडांवर ते लागलं की माणूस दोन दिवस जेवत नाही.

आता दुसऱ्या औषधांची गाठ, जिच्याबद्दल दवाखान्यात सर्वांत कमी बोललं जातं. पेमिगॅटिनिब यकृतात सीवायपी३ए नावाच्या एन्झाइममुळे मोडतं. ते एन्झाइम कुणी अडवलं तर गोळीचा अंश रक्तात साचतो, कुणी चेतवलं तर गोळी काम करण्याआधीच संपते. माझ्या एका रुग्णाला जांघेत गजकर्ण झालं. मेडिकलवाल्याने इट्राकोनॅझोल दिलं, आपल्याकडे ते सर्रास मिळतं. कुणालाही वाटलं नाही की कॅन्सरच्या डॉक्टरला सांगावं. दहा दिवसांनी फॉस्फरस ९च्या जवळ, तोंडात फोड, डोळे लाल. आम्ही दिवसभर कारण शोधत होतो. शेवटी त्यांच्या पत्नीने पिशवीतून ती पट्टी काढली. इट्राकोनॅझोल, केटोकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन ही तशी औषधं. फ्लुकोनॅझोल आणि बीपीची डिल्टियाझेम, व्हेरापॅमिलही काही प्रमाणात. टाळता येत नसतील तर डोस ९वर आणावा लागतो, आणि तो निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा.

उलट बाजूला टीबीचं रिफॅम्पिसिन. त्याच्यासोबत पेमिगॅटिनिबचं रक्तातलं एकूण प्रमाण जवळपास ८५ टक्क्यांनी घटतं, म्हणजे गोळी घेतली काय, न घेतली काय. आपल्या देशात कॅन्सरच्या रुग्णाला टीबी निघणं नवलाचं नाही, तेव्हा टीबीचे डॉक्टर आणि कॅन्सरचे डॉक्टर यांना एकमेकांशी बोलायला लावा. फिटसाठीची फेनिटोइन आणि कार्बामाझेपिनही याच गटातली. फळांत पपनस आणि त्याचं परदेशी भावंड ग्रेपफ्रूट टाळा. द्राक्षं खुशाल खाऊ द्यात, नावात ग्रेप असलं तरी ग्रेपफ्रूट वेगळं. बाग तुमची आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

काढ्यांबद्दल मी कुणाच्या श्रद्धेला धक्का लावत नाही, पण इथे ठाम बोलतो. कोविडच्या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले होते. तुमच्या वडिलांच्या यकृतात आधीच गाठी आहेत, नळी आहे. रक्तात यकृताचे एन्झाइम वाढले तर कारण स्टेंट, गोळी, आजार की काढा, हे ओळखता आलं पाहिजे. आमटीतली हळद चालेल. हळदीच्या अर्कात मिरीचा अर्क घालून केलेली कॅप्सूल नको. तापात अँटिबायोटिक चालू असताना आणखी एक: सेव्हेलामर पोटात सिप्रोफ्लॉक्सॅसिनला बांधून ठेवतं आणि त्याचा असर निम्म्यावर येतो. दोन्ही एकाच वेळी देऊ नका, अंतर किती ठेवायचं ते विचारा.

सगळ्यांच्या रिपोर्टमध्ये एफजीएफआर२ येत नाही, म्हणून दुसऱ्या बदलांबद्दल थोडं. आयडीएच१ जनुकातल्या बदलासाठी इव्होसिडेनिब, रोज ५०० मिलिग्रॅम. त्याची काळजी हृदयाच्या ठोक्याची: ईसीजीमधला क्यूटी (ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ) लांबतो. पहिले तीन आठवडे दर आठवड्याला ईसीजी, मग दर महिन्याला. अडचण अशी की उलटीसाठी दिलं जाणारं ऑन्डान्सेट्रॉन, स्टेंटच्या तापासाठी दिलं जाणारं लेव्होफ्लॉक्सॅसिन, अझिथ्रोमायसिन, डोमपेरिडोन हीसुद्धा क्यूटी लांबवतात. त्यात जुलाब होऊन पोटॅशियम उतरलं की धोका आणखी वाढतो. फार तुपकट जेवणासोबत हे औषध घ्यायचं नाही.

बीआरएएफ जनुकात व्ही६००ई नावाचा बदल असेल तर डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब ही जोडी. तिच्यात औषधामुळेच ताप येणं नेहमीचं आहे, आणि म्हणून पित्तनलिकेच्या रुग्णात ती मला सर्वांत जास्त जागं ठेवते. ताप औषधाचा की स्टेंटचा? रक्ताचा कल्चर, बिलिरुबिन आणि सोनोग्राफी होईपर्यंत तो स्टेंटचाच समजायचा. पेशीवरचं एचईआर२ नावाचं प्रथिन वाढलेलं असेल, आणि पित्ताशयाच्या कॅन्सरमध्ये ते बऱ्यापैकी दिसतं, तर सलाईनमधून देण्याची औषधं आहेत. त्यांत सुरू करण्याआधी आणि मधेमधे इको हवा. ट्रॅस्टुझुमॅब डेरक्सटेकान चालू असताना कोरडा खोकला किंवा चालताना धाप लागली, तर खोकल्याचं सिरप देऊ नका, फुप्फुसाचा सीटी करा. त्या औषधाने फुप्फुसाला येणारी सूज लवकर सापडली तरच आवरते.

औषध कुठून आणता, हाही सुरक्षिततेचा भाग. ही औषधं महाग आहेत, आणि महाग औषधाभोवती भामटे जमतात. मार्च २०२४मध्ये दिल्ली पोलिसांनी कॅन्सरच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत बनावट औषध भरून विकणारी टोळी पकडली होती. व्हॉट्सअॅपवर अर्ध्या किमतीत, बिलाशिवाय, कुरियरने येणारी डबी कुणीही कितीही विश्वासाने सुचवली तरी घेऊ नका. आपल्याकडे न मिळणारं औषध स्वतःच्या वापरासाठी कायदेशीरपणे आणता येतं. त्यासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीसह फॉर्म १२एमध्ये अर्ज करायचा आणि १२बीमध्ये परवाना मिळतो. बिल, बॅच नंबर आणि डबीचा फोटो जपून ठेवा. कंपनीची रुग्ण-साहाय्य योजना आहे का, हे डॉक्टरांच्या समन्वयकाला नक्की विचारा. लाजू नका, आम्हाला हा प्रश्न रोज अपेक्षित असतो. दुसरं मत हवं असेल तर परळचं टाटा मेमोरियल आहेच.

स्कॅन साधारण दर दोन महिन्यांनी. मधल्या काळात सीए १९-९चा (रक्तातल्या कॅन्सरच्या खुणेचा) आकडा वाढला म्हणून रात्र जागून काढू नका. स्टेंट तुंबला तरी तो चढतो, आणि काही लोकांच्या शरीरात तो मुळात तयारच होत नाही. पुढे कधी गाठी पुन्हा वाढल्या तर लगेच "आता काही उरलं नाही" असं ठरवू नका. बऱ्याच वेळा कॅन्सरच्या पेशींनी त्याच जनुकात नवा बदल करून गोळीला दार बंद केलेलं असतं. तेव्हा रक्तातून लिक्विड बायोप्सी करून तो बदल शोधता येतो, आणि फ्युटिबॅटिनिबसारखं दाराला कायमचं चिकटून बसणारं औषध त्यांतल्या काही बदलांवर चालतं. आणि वेदना, झोप, भूक यांसाठी पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना आत्ताच भेटा. ते शेवटच्या आठवड्यासाठी नसतात. वेदना आवरलेला माणूस गोळी नीट घेतो.

आता बाग. जाऊ द्यात. मी तर म्हणेन, जायलाच सांगा. सात महिने सुया टोचून घेतलेल्या माणसाला वेलींमधून हिंडताना जे बरं वाटतं ते माझ्याकडच्या कुठल्या औषधात नाही. फक्त फवारणीच्या दिवशी आणि त्यानंतर दोन-तीन दिवस नको, कारण डोळे आणि कातडी आधीच नाजूक झालेली असतील. पायात बंद बूट, अनवाणी मातीत नाही. छाटणीची कात्री हातात घ्यायची हौस असेल तर जाड हातमोजे, आणि नख सुटायला लागलं असेल तर कात्री मुलाकडे. उन्हाचा गॉगल, खिशात डोळ्यांचे थेंब, पाण्याची बाटली आणि तो स्टेंटचा कागद. सकाळी लवकर जावं, ऊन चढायच्या आत परत यावं. आणि बागेत असताना थंडी वाजली तर घरी येऊन पांघरूण घ्यायचं नाही, तिथूनच गाडी काढायची.